दोन संसार आणि एक न्याय
(एका जुन्या जपानी बोलपटाविषयीं नभोवाणीवरील भाषण)

आपल्या भाषेंत 'सवत' हा एक मोठा विलक्षण शब्द आहे. तीन अक्षरांचा, ना काना ना मात्रा. पण तो उच्चारतांच ऐकणाऱ्याच्या मनांत एक ठरीव चित्र उभें राहतें. एका बाजूस सोशीक, घरंदाज पत्नी. दुसऱ्या बाजूस नटवी, लोभी, परक्याचा संसार मोडणारी बाई. आणि दोघींच्या मध्यें कोणाचेंच न ऐकणारा पुरुष. हीं चित्रें इतकीं घोटून पक्कीं झालीं आहेत कीं, अशी हकीकत कानांवर आली म्हणजे आपण चौकशी करावयाच्या आधींच निकाल देऊन मोकळे होतों. आज मी ज्या बोलपटाविषयीं बोलणार आहे, त्याची नायिका असाच निकाल मनाशीं ठरवून घराबाहेर पडते, आणि परत येते ती निराळीच होऊन. बोलपट जपानी आहे, इ. स. १९३५ सालचा आहे, आणि जपानबाहेर तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. त्याचें नांव 'त्सुमा यो बारा नो यो नी'. मराठींत सांगावयाचें तर, 'पत्नी, तूं गुलाबासारखी हो'.

नांव ऐकून एखादी गोड प्रेमकथा असावी असें वाटेल. तसें कांहीं नाहीं. मूळ कथा मिनोरू नाकानो यांच्या एका नाटकाची, आणि त्या नाटकाचें नांव अधिक सरळ होतें : 'फुतारी-झुमा', म्हणजे 'दोन बायका'. हें नाटक 'शिम्पा' पंथाचें. जपानांत काबुकीच्या जुन्या परंपरेनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, समकालीन संसारांतील सुखदुःखें रंगभूमीवर मांडणारा जो नवा नाट्यपंथ निघाला, तो हा. शिम्पा नाटक म्हटलें म्हणजे अश्रूंचा पूर, असा तिकडे लौकिक होता. चित्रपटकारानें मात्र या नाटकांतील पुष्कळसें पाणी आटवून टाकिलें, आणि खालीं जें कठीण सत्य होतें तेवढेंच ठेविलें.

हे चित्रपटकार म्हणजे मिकिओ नारुसे. त्यांचा जन्म १९०५ सालीं टोकियोंत झाला. घरची गरिबी, वडील भरतकाम करणारे कारागीर. आईबाप लवकर गेले, आणि वयाच्या पंधराव्या वर्षीं, म्हणजे १९२० सालीं, हा मुलगा शोचिकू या चित्रसंस्थेंत नोकरीस लागला. दिग्दर्शनाची संधि मिळावयास त्यास दहा वर्षें वाट पाहावी लागली. त्याच संस्थेंत यासुजिरो ओझू हे दिग्दर्शक कौटुंबिक चित्रपटांसाठीं नांवाजले जात होते, आणि संस्थेच्या चालकांना त्याच वळणाचा दुसरा माणूस नको होता, असें सांगतात. १९३४ सालीं नारुसे ती संस्था सोडून पी. सी. एल. या नव्या संस्थेंत गेले. ही संस्था बोलपटांच्या तंत्रांतून जन्मास आलेली. पुढें १९३७ सालीं ती तोहो या प्रसिद्ध कंपनींत मिळाली. तेथें गेल्यावर पुढच्या वर्षीं नारुसे यांनीं हा बोलपट केला. त्याची लांबी सवा तासाच्या आंतबाहेर आहे. 'किनेमा जुंपो' या मान्यवर जपानी चित्रपट-नियतकालिकानें त्या वर्षींच्या चित्रपटांत त्यास पहिलें स्थान दिलें.

आतां कथा ऐका.

किमिको ही टोकियोंतील एका कचेरींत काम करणारी तरुण मुलगी. कचेरींत जातांना ती पाश्चात्त्य पोशाख करिते. घरीं आली कीं किमोनो नेसते. सेइजी नांवाच्या तरुणाशीं तिचें लग्न व्हावयाचें आहे. स्वभावानें ती चटपटीत, हसरी आणि बरीचशी मतांची पक्की. घरीं दोघीच, ती आणि तिची आई एत्सुको. वडील शुन्साकू पुष्कळ वर्षांपूर्वीं घर सोडून गेले आहेत. दूरच्या डोंगराळ मुलखांत ते ओयुकी नांवाच्या स्त्रीबरोबर राहतात. ही ओयुकी पूर्वींची गेइशा. त्यांना दोन मुलें आहेत. वडिलांना सोन्याचा ध्यास लागला आहे. नदीच्या वाळूंत आणि डोंगराच्या पोटांत ते सोनें शोधीत असतात, आणि सोनें कांहीं सांपडत नाहीं. मात्र टोकियोच्या घरीं पैसे नियमानें येतात. आईचा समज असा कीं, पति निघून गेला तरी कर्तव्यास चुकला नाहीं.

ही आई कवयित्री आहे. 'तांका' नांवाची जी एकतीस अक्षरमात्रांची जुनी जपानी रचना, तींत ती लिहिते, आणि शिष्यांनाही शिकविते. तिच्या कवितेचा विषय बहुधा एकच : दूर गेलेल्या पतीची आठवण. श्रोत्यांनीं येथें थोडें थांबावें, कारण चित्रपटाची किल्ली या ठिकाणीं आहे. एत्सुको खरोखरच दुःखी आहे. तिचें दुःख कोणीं खोटें म्हणूं नये. परंतु दुःखाला शब्द देतां देतां तिला त्या शब्दांचाच लळा लागला आहे. पति समोर नसतांना त्याच्यावर कविता करणें तिला सुचतें. तो समोर असतांना त्याला चहा हवा कीं नको, हें विचारण्याचें तिला पूर्वींही सुचत नसावें, अशी शंका आपल्या मनांत हळूहळू येऊं लागते.

मग असा प्रसंग येतो कीं, पतीला आणल्यावांचून चालेनासें होतें. जपानी लग्नांत 'नाकोदो' म्हणून एक प्रथा फार दिवस चालत आली. वर आणि वधू यांच्या घरांमध्यें दुवा जोडणारें एक प्रतिष्ठित जोडपें असे, आणि लग्नसमारंभांत तें वधूवरांशेजारीं बसे. अलीकडे ही प्रथा बरीच मागें पडली आहे. त्या काळीं ती मोलाची होती. एत्सुकोला एका लग्नांत हा मान मिळतो. पण मान जोडप्याचा, आणि इकडे पतीची जागा रिकामी! शिवाय किमिकोचें स्वतःचें लग्न ठरावयाचें, तर मुलीचा बाप कोठें आहे, हें वराकडील मंडळी विचारणारच. तेव्हां किमिको ठरविते कीं, आपण स्वतः जाऊन वडिलांना घेऊन यावयाचें, आणि त्या बाईला चार गोष्टी सुनवावयाच्या.

गाडींतून उतरून डोंगरांतील वाटेनें ती जाऊं लागते, तेव्हां तिच्या मनांत सवतीचें तेंच ठरीव चित्र असतें. तिच्या दृष्टीनें ओयुकी म्हणजे वडिलांना भुलवून लुबाडणारी बाई. प्रत्यक्षांत तिला भेटते ती एक साधी, ओशाळी, कष्टाळू गृहिणी. लोकांच्या केशरचना करून ओयुकी घर चालविते. पति सोन्याच्या मागें. चूल पेटते ती हिच्या हातांवर. किमिकोशीं बोलतांना तिची मान वर होत नाहीं. आपण दुसरीच्या हक्काच्या जागीं बसलों आहोंत, हें ती क्षणभरही विसरत नाहीं.

आणि मग किमिकोला तें कळतें, ज्यामुळें सगळा हिशेब उलटा होतो. टोकियोला येणारे पैसे वडील पाठवीत नव्हतेच. ते ओयुकी पाठवीत होती. ज्या पैशांवर किमिकोचें घर चाललें, ते 'त्या बाई'च्या कष्टांचे होते. त्यांसाठीं ओयुकीच्या स्वतःच्या मुलीचें, शिझुकोचें, शिक्षण थांबलें होतें.

श्रोतेहो, मीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें शाळेंत घालविलीं आहेत. म्हणून असेल, पण या चित्रपटांत माझें मन अडकलें तें या मुलीपाशीं. हजेरीपटावर एक नांव असतें. पुढच्या वर्षीं तें नसतें. चौकशी केली तर उत्तर येतें, 'घरीं अडचण आहे.' त्या अडचणीचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. शिझुको कांहीं तक्रार करीत नाहीं. मोठ्या माणसांनीं प्रेम केलें, चूक केली, पश्चात्ताप केला, प्रायश्चित्त म्हणून पैसेही पाठविले. पण त्या प्रायश्चित्ताची किंमत भरली ती एका मुलीनें, आणि तिला कोणीं विचारलेंही नव्हतें. दोन सावत्र बहिणी समोरासमोर येतात, एक शिकलेली आणि एक शाळा सोडलेली, तेव्हां कोणीही भाषण करीत नाहीं. पण आपण न्यायाधीश म्हणून आलों आणि येथें तर आपणच ऋणको ठरलों, हें किमिकोच्या ध्यानांत येतें.

ओयुकी वडिलांना अडवीत नाहीं. मुलीच्या लग्नाकरितां ते टोकियोला जावेत, हें तिला मान्य आहे. ते परत येतील कीं नाहीं, याची तिला खात्री नाहीं. तरी ती जाऊं देते. बाप-लेक टोकियोस येतात.

यानंतरचा भाग विनोदी आहे, आणि त्या विनोदाखालीं फार खिन्नता आहे. इतकीं वर्षें जिच्या कवितेंत हा पति विरहाचा विषय होऊन राहिला, ती पत्नी आणि तो पति आतां एका छपराखालीं येतात, आणि दोघांना एकमेकांशीं बोलावयास कांहींच नसतें. तो साधा, ऐसपैस बसणारा, ढिलाढाला माणूस. ती नेमस्त, रसिक, प्रत्येक गोष्टींत नीटनेटकेपणा पाहणारी. त्याच्या वागण्यानें तिला चारचौघांत संकोच होतो. मंडळी नाटकास जातात, तर तो तेथें डुलक्या घेतो. किमिको आपल्या परीनें दोघांना जवळ आणावयास झटते. ती आईला समजाविते, बापाला सांभाळून घेते. एकदां तर अमेरिकन चित्रपटांत पाहिल्याप्रमाणें अंगठा दाखवून भाड्याची मोटार थांबविते, म्हणजे तेवढाच हंशा. पण जें कधीं जमलेंच नव्हतें, तें जुळवावें कसें? ज्या लग्नाच्या मध्यस्थीसाठीं त्यास आणिलें, तें लग्न पार पडतें. मानाच्या जागीं एत्सुको आणि शुन्साकू शेजारीं शेजारीं बसतात. जगाला दिसावयाचें तें जोडपें दिसतें. समारंभ संपतो, आणि त्याबरोबर तें जोडपेंही संपतें.

शेवटीं वडील परत डोंगराकडे जावयास निघतात. त्यांना आणावयास गेलेली किमिकोच आतां त्यांना जाऊं देते. मागें आई रडत राहते, आणि या झुंजींत आपली आई हरली, असें मुलीच्या तोंडून येतें. तेथें चित्रपट संपतो. ओयुकी जिंकली असें कोणी म्हणत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें.

आतां या कथेकडे त्या काळच्या जपानी कायद्याच्या उजेडांत पाहूं, म्हणजे तिचें मर्म अधिक कळेल. १८७० सालच्या जपानी फौजदारी संहितेंत पत्नीप्रमाणेंच उपपत्नीलाही पतीच्या नातलगांत स्थान होतें. १८८२ सालीं जी नवी संहिता अंमलांत आली, तींतून तें गेलें. पुढें १८९८ च्या नागरी कायद्यानें विवाह आणि कुटुंब यांची चौकट घालून दिली. त्या चौकटींत घराचा कर्ता पुरुष हाच केंद्र. पत्नीनें व्यभिचार केला तर पतीला घटस्फोट मागतां येई. पतीनें केला तर पत्नीला तसा हक्क नव्हता. दुसऱ्याच्या विवाहित स्त्रीशीं संबंध ठेवल्याबद्दल त्यास शिक्षा झाली असेल, तरच तिला दाद मिळे. १९०७ च्या दंडसंहितेप्रमाणें पतीची फिर्याद आल्यास व्यभिचारी पत्नीला आणि तिच्या साथीदाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शके. पतीसाठीं तसें कलमच नव्हतें.

या नियमांनीं आमच्या कथेंतील माणसें तोलून पाहा. शुन्साकूनें घर सोडलें, दुसरा संसार थाटला. पण ओयुकी कोणाची पत्नी नव्हती, म्हणून त्यानें गुन्हा केला नाहीं. एत्सुकोला पत्नी हें नांव मिळालें, समाजांत मान मिळाला. पण पतीला जाब विचारण्याचें साधन मिळालें नाहीं. ओयुकीला तर नांवही नाहीं. तिचीं मुलें कायद्याच्या दृष्टीनें औरस नव्हत. म्हणजे एकीपाशीं हक्क आहे पण सोबत नाहीं, दुसरीपाशीं सोबत आहे पण हक्क नाहीं. आणि ज्या पुरुषामुळें हें झालें, तो दोन्ही घरीं पाहुण्यासारखा वावरतो. चित्रपटांत कायद्याचा एक शब्दही येत नाहीं, तरी कायद्यानें जी पोकळी ठेविली होती, ती या दोन बायका आपापल्या परीनें भरीत होत्या. एक कविता लिहून, दुसरी पैसे पाठवून.

ही स्थिति पुढें पालटली. ३ मे १९४७ पासून जपानची नवी राज्यघटना अंमलांत आली. तिच्या २४ व्या कलमानें विवाहांत पति-पत्नींचे हक्क समान ठरविले. त्याच वर्षीं व्यभिचाराचें तें एकतर्फी कलम दंडसंहितेंतून काढून टाकण्यांत आलें. मात्र शिझुकोसारख्या मुलांना न्याय मिळावयास फार वेळ लागला. विवाहबाह्य संततीला वारशांत औरस मुलाच्या निम्माच वांटा देणारा नियम २०१३ पर्यंत टिकून राहिला. त्या वर्षीं सप्टेंबरांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाविरोधी ठरविला, आणि वर्षअखेर कायदा बदलला. ओयुकीच्या मुलांची कथा पडद्यावर आल्यास तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षें होऊन गेलीं होतीं.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतां येईल, आणि तो घ्यावयास पाहिजे. पति निघून गेला तो पत्नी रूक्ष होती म्हणून, असें सांगणें म्हणजे पुरुषाच्या पळपुटेपणाला पांघरूण घालणें नव्हे काय? कविता लिहिणारी बाई संसाराला निरुपयोगी, आणि राबणारी बाई तेवढी खरी पत्नी, असा तर याचा अर्थ नव्हे? मलाही पहिल्यानें तसेंच वाटलें. त्या सोशीक ओयुकीच्या चित्रांत पुरुषांना सोयीचें असें बरेंच आहे, हेंही खरें. पण थोडा विचार केल्यावर वाटतें कीं, आई हरली हा निकाल चित्रपटाचा नाहीं. तो किमिकोचा आहे. किमिको तरुण आहे, लग्नाच्या उंबरठ्यावर आहे; तिला कोठेंतरी बेरीज करून मोकळें व्हावयाचें आहे. दिग्दर्शक मात्र तिच्या वाक्याबरोबर आईचे अश्रूही आपल्याला दाखवितो. इतकीं वर्षें एकटीनें काढलेल्या त्या बाईला हरली म्हणून टाकून देतां येत नाहीं. तिच्या कवितेवर आपण हंसतों खरे. परंतु पतीनें रिकामी केलेली जागा तिनें दुसऱ्या कशानें भरावयाची होती, हें आपण सांगूं शकत नाहीं.

आणि बाप? नारुसे त्याला दुष्ट करीत नाहींत. तो प्रेमळ आहे, मुलीला पाहून त्याचा जीव वितळतो. पण सोनें शोधण्याचें त्याचें वेड नीट पाहिलें तर ध्यानांत येतें कीं, आज ना उद्यां घबाड सांपडेल आणि मग दोन्ही घरांचें ऋण फेडूं, हीच त्याची आयुष्यभराची सबब आहे. अशा माणसाचा राग येत नाहीं, हीच त्याच्या अपराधांतली अवघड गोष्ट. राग आला असता तर त्याला कोणीं जाब विचारला असता.

जातां जातां या मंडळींचें पुढें काय झालें, तें सांगतों. हा बोलपट १९३७ सालीं 'किमिको' या नांवानें न्यूयॉर्कमध्यें दाखविण्यांत आला. अमेरिकेंत रीतसर प्रदर्शित झालेल्या अगदीं पहिल्या जपानी बोलपटांपैकीं तो एक. तेथें त्याचें विशेष कौतुक झालें नाहीं. त्याच वर्षीं नारुसे यांनीं किमिकोची भूमिका करणाऱ्या साचिको चिबा यांच्याशीं विवाह केला, आणि कांहीं वर्षांनीं तीं दोघें विभक्त झालीं. संसार हा विषय मात्र नारुसे यांनीं सोडला नाहीं. 'मेशी' या १९५१ च्या चित्रपटांत आणि 'उकिगुमो' या १९५५ च्या चित्रपटांत त्यांनीं स्त्रीपुरुषांच्या संबंधांतील थकवा, ओढ आणि लाचारी यांचें जें दर्शन घडविलें, त्यामुळें त्यांचें नांव आज पहिल्या प्रतीच्या दिग्दर्शकांत घेतलें जातें. १९६९ सालीं ते वारले. मामाचें विनोदी काम करणारे कामातारी फुजिवारा पुढें कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई'मध्यें शेतकरी म्हणून जगभर दिसले. आणि बापाची भूमिका करणारे सादाओ मारुयामा हे नामांकित रंगभूमि-नट १९४५ च्या ऑगस्टमध्यें आपल्या फिरत्या नाटकमंडळीबरोबर हिरोशिमांत होते. ६ तारखेच्या अणुबाँबनंतर दहा दिवसांनीं त्यांचा अंत झाला. पडद्यावर नाटकगृहांत डुलक्या घेणारा तो भोळा माणूस पाहतांना हें आठवलें कीं, हंसतां हंसतां घसा दाटून येतो.

श्रोतेहो, चित्रपटाच्या नांवांतील गुलाब कोणासाठीं आहे? पत्नीनें गुलाबासारखें व्हावें, असें सांगणारे पुष्कळ असतात. या चित्रपटांत त्या शब्दाला पात्र असें कोण आहे, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. आणि कदाचित् तें न ठरणें हाच त्याचा गुण असेल. मी एवढेंच म्हणेन कीं, पुढच्या वेळीं एखाद्या घरची अशी हकीकत आपल्या कानीं आली, आणि 'सवत' हा शब्द ओठांवर आला, तर निकाल देण्यापूर्वीं किमिकोप्रमाणें एकदां डोंगर चढून जावें. घर कोणाच्या कष्टांवर चाललें आहे तें पाहावें. आणि त्या घरांतील कोणत्या मुलाचें नांव हजेरीपटावरून गेलें, तें अवश्य विचारावें.